उन्हाळ्याचा बदलता क्रम आणि घाटकोपरची परसबाग

कोकणपट्टीतील बागेची कामे आजवर पंचांगाच्या आधाराने होत आली आहेत. संक्रांतीनंतर पाण्याच्या पाळ्या वाढवावयाच्या, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वेलभाज्यांची आळी तयार करावयाची आणि मृग निघताच बी टाकावयाचे, हा क्रम घरोघरी ठाऊक होता. मुंबईच्या उपनगरांत आता शेते राहिली नाहीत; तथापि हा क्रम कुंड्यांतून, गच्च्यांतून आणि चाळींच्या ओट्यांवरून टिकून होता. अलीकडील काही उन्हाळ्यांनी तो विस्कटला आहे. त्याचा परिणाम केवळ झाडांवर नव्हे, तर घरातील कामांवर आणि माणसांच्या मनःस्थितीवरही होत असल्याचे दिसून येते. घाटकोपर हे याचे चांगले उदाहरण होय.

दोन उन्हाळ्यांचा अनुभव

उन्हाळा कडक असणे ही मुंबईस नवी गोष्ट नव्हे. सांताक्रूझ येथील वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी कमाल उष्णमान ४२.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. नवीन आहे ती उन्हाळ्याची अनियमितता.

१६ एप्रिल २०२४ रोजी सांताक्रूझचा पारा ३९.७ अंशांवर गेला. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, १३ मे रोजी दुपारी धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरच्या छेडानगर भागात द्रुतगती मार्गालगत उभारलेला प्रचंड जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला. सतरा माणसे प्राणास मुकली. त्याच महिन्याच्या अखेरीस धरणांतील साठा आटल्यामुळे मुंबईत पाच टक्के, व ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू झाली.

पुढील वर्ष याहून निराळे निघाले. २०२५ च्या फेब्रुवारीतच, म्हणजे एरवी सकाळी गारवा असावा अशा दिवसांत, पारा ३८ अंशांपुढे गेला. मे महिन्यात वळवाच्या सरी वारंवार येऊ लागल्या आणि २६ मे रोजी, रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच, मान्सून मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून होय. यापूर्वी २९ मे या तारखेस तो १९५६, १९६२ व १९७१ या वर्षी आला होता. त्याही आधी तो येथे पोहोचला. कुलाब्याच्या वेधशाळेतील मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा २७९.४ मिलिमीटरचा उच्चांक त्या महिन्यात मागे पडला. मात्र एवढ्या घाईने आलेला मान्सून राज्यात लगेचच रेंगाळला आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढील वाटचाल थांबली.

एका वर्षी पाण्याचा तुटवडा, दुसऱ्या वर्षी अवेळी पाण्याचा पूर. अशा दोन टोकांमध्ये बागेचे नियोजन करावे लागत आहे.

उष्णता कोठून येते

मुंबईस उन्हाळ्यात दिलासा मिळतो तो समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यामुळे. पूर्वेकडील कोरडे वारे जोरात असले म्हणजे हा वारा उशिरा सुरू होतो व मधल्या वेळात पारा झपाट्याने चढतो. घाटकोपरच्या पश्चिमेस टेकड्या आहेत, पूर्वेस ठाण्याची खाडी आहे आणि मधल्या पट्ट्यात इमारतींची दाटी आहे. सिमेंटच्या भिंती व गच्च्या दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्री सोडतात. असल्फा, भटवाडी या भागांतील टेकडीवरच्या घरांची पत्र्याची छपरे तर सकाळी नऊ वाजताच तापू लागतात. किनारपट्टीवर उष्णमान ३७ अंश वा अधिक आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त झाले म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट मानते. परंतु पत्र्याखालचे घर आणि गच्चीवरची कुंडी यांना ही लाट त्याआधीच जाणवते.

झाडांवर होणारे परिणाम

जमिनीतील झाडाची मुळे खोल, गार मातीत जाऊ शकतात. कुंडीतील झाडास तशी वाट नसते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची कड दुपारी एवढी तापते, की कडेलगतची कोवळी मुळे करपून जातात. माती ओली असूनही झाड मान टाकते ते यामुळेच. अशा वेळी पुन्हा पाणी ओतले असता मुळे कुजतात. रात्री उकाडा राहिला तर झाडाचा श्वसनाचा वेग वाढून दिवसा तयार केलेले अन्न खर्ची पडते. टोमॅटोची फलधारणा गरम रात्रींमध्ये घटते. मिरचीची फुले गळतात. 'खत घालूनही फळ का धरत नाही?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा खतात नसून रात्रीच्या हवेत असते.

मोगऱ्याचे उदाहरण बोलके आहे. हे झाड उन्हाळ्याचेच. एप्रिल-मे हा त्याचा खरा बहर. परंतु बहरात असतानाच पाऊस लागून राहिला म्हणजे कळ्या तपकिरी पडून गळतात. सोसायट्यांच्या आवारातील आंब्याचेही तसेच. मार्चमधील अवचित उन्हाने बारीक कैऱ्या गळतात आणि उरलेले फळ पाडास येते तोच मेच्या पावसाने त्यावर करपा व फळमाशी यांचा उपद्रव वाढतो.

घरकाम व मनःस्थिती

बागेइतकाच या हवेचा ताण घरातील बायकांच्या कामावर पडतो. कुरडया, सांडगे, वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या ही मराठी घरांतील वाळवणे आणि गुजराती घरांतील खिचिया पापड व उन्हात मुरणारा छुंदा, या सर्वांस सलग आठ-दहा दिवसांचे खणखणीत ऊन लागते. २०२५ च्या मे महिन्यात ते मिळाले नाही. अर्धवट वाळलेली कुरडई घरात पंख्याखाली पसरावी लागली, की तिला वास धरतो आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. छपरावर ताडपत्री घालण्याचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवणाऱ्या कुटुंबांना मे महिन्यातच भर पावसात छपरावर चढावे लागते.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. रात्रीची झोप मोडते आणि दिवसभर चिडचिड होते. नळाच्या रांगेत साध्या शब्दावरून भांडण पेटते. वादळाच्या आठवणीने आभाळ धुरकट झाले की पुष्कळांचा जीव धास्तावतो. ज्या वृद्धांचा सायंकाळचा वेळ चार कुंड्यांच्या सहवासात जातो, त्यांना जोपासलेले झाड डोळ्यांदेखत वाळले की नुसते नुकसान वाटत नाही. ते मनास लागते. उलट, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्रुतगती मार्गाच्या कडेने गुलाबी फुलांनी डवरणारी बसंत रानीची झाडे पाहून दमलेला प्रवासीही क्षणभर सुखावतो. यास्तव बागेची निगा हा केवळ हौसेचा विषय समजू नये. तो घराच्या स्वास्थ्याचा भाग आहे.

करावयाची कामे

पंचांग टाकून द्यावे असे नव्हे. त्याच्या जोडीस माती, पान आणि हवामान खात्याचा अंदाज या तिन्हींकडे रोज पाहण्याची सवय लावावी. पुढील गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात.

१. पाणी घड्याळ पाहून न देता माती पाहून द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. पाणी सूर्योदयापूर्वी द्यावे. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी झाडांस चालते. साबणाचे पाणी घालू नये.

२. कुंड्या एकमेकींस लागून ठेवाव्यात व कडेच्या कुंड्यांभोवती गोणपाट गुंडाळावे. मातीवर वाळलेला पाला किंवा शहाळ्याच्या सोडणांचे तुकडे यांचे दोन इंच आच्छादन करावे. पाऊस सुरू होताच हे आच्छादन बाजूस काढावे, नाहीतर गोगलगाई व बुरशी वाढते.

३. कुंडीच्या तळाची छिद्रे एप्रिलअखेरच मोकळी करावीत. हे काम जूनवर टाकू नये.

४. पत्र्याच्या घरावर सावली हवी असल्यास दोडका, घोसाळे किंवा कारले यांचे वेल चढवावेत. वेल पत्र्यावर न सोडता वीतभर उंच बांधलेल्या मांडवावर सोडावा. तापलेला पत्रा कोवळे कोंब जाळतो. ऊन फेब्रुवारीतच तापू लागल्याने बी डिसेंबरातच लावावे. मांडव वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बांधावा.

५. कठड्यावर वा खिडकीच्या छज्जावर एकही कुंडी सुटी ठेवू नये. मे महिना लागण्यापूर्वी सर्व कुंड्या खाली घ्याव्यात. वरून पडलेली लहान कुंडीही रस्त्याने जाणाऱ्याचा प्राण घेऊ शकते. सोसायटीतील नारळाच्या वाळलेल्या झावळ्या व नारळ वेळीच उतरवावेत. मोठ्या फांद्यांची छाटणी महानगरपालिकेच्या परवानगीनेच करावी.

६. आंब्याखाली पडलेली फळे रोज गोळा करून पुरावीत. फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा लावावा.

७. पहिल्या पावसावर सगळे बी टाकू नये. २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना पेरणीची घाई न करण्याचा सल्ला दिला होता; तो कुंडीच्या बागेलाही लागू आहे. बियांचे तीन भाग करून आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाकावे, म्हणजे एक हप्ता गेला तरी दोन हाती राहतात.

८. कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. डासाची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होत असल्यामुळे एवढ्या दक्षतेने ती मध्येच तुटते. पाऊस लवकर आला म्हणजे डेंग्यूचे दिवसही लवकर येतात.

९. वाळवणे मार्चअखेर उरकावीत. हवामान खात्याने पिवळा किंवा नारिंगी इशारा दिलेल्या दिवशी छपरावर वा गच्चीवर काही पसरू नये.

शेवटी एक लहानशी वही घरात ठेवावी. पहिला मोगरा कधी फुलला, कैरी कधी गळली, पहिली सर कधी आली, कोणते झाड उन्हात तरले, हे त्यात तारखेनिशी लिहावे. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या गच्चीची, आपल्या ओट्याची हवा कशी बदलते आहे ते कळू लागेल. पूर्वीच्या पिढ्यांनीही नक्षत्रांचे ठोकताळे असेच पाहून पाहून बसविले होते. आकाशाचा क्रम बदलला असेल, तर निरीक्षणही नव्याने करणे हेच बागाइतदाराचे काम होय.