बाग राजाची, पाणी कुणाचं?

राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान लोकांसाठी उघडलं की नावाचा वाद पुन्हा निघतो. जानेवारी २०२३मध्ये 'मुघल' हा शब्द गेला, त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालं. पण हे भवन मुळात इंग्रज व्हाइसरॉयचं; त्याच्या दारात मुघल धाटणीची बाग आलीच कशी, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही.

१९११मध्ये राजधानी दिल्लीला हलवायचं ठरलं. दिल्लीच्या तख्ताचे वारस म्हणून मिरवायचं, तर थाटही तसाच हवा. वास्तुकार ल्यूटन्स यांना भारतीय वास्तुकलेचं कौतुक नव्हतं. व्हाइसरॉय हार्डिंग यांचा मात्र इथल्या धाटणीचा आग्रह होता. त्या काळात बागेची बाजू सर्वांत हिरिरीने मांडली ती कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट यांनी. लष्करी अधिकाऱ्याच्या या पत्नीने मुघल बागा हिंडून पाहिल्या, त्यांची जलरंगात चित्रं काढली आणि १९१३मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. नव्या दिल्लीत विलायती हिरवळ नको, इथल्या परंपरेची बाग हवी, हे त्यांनी ठासून सांगितलं. ल्यूटन्स यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, या बाईंचं नाही. हा अन्यायच आहे.

ल्यूटन्स यांनी दोन पाट उत्तर-दक्षिण, दोन पूर्व-पश्चिम काढले आणि ते एकमेकांना छेदतात तिथे कमळाच्या आकाराची सहा कारंजी बसवली. चौकटीत खेळवलेलं पाणी म्हणजे सत्तेची खूण, हे बाबराच्या काळापासून चालत आलेलं. त्याला हिंदुस्थानात वाहत्या पाण्याचा अभाव फार खुपला. १५२६नंतर आग्र्याला यमुनेपलीकडे त्याने आणि त्याच्या सरदारांनी आखीव बागा केल्या, रहाटाने पाणी चढवलं. लोक त्या काठाला काबूल म्हणू लागले!

सत्ता बदलली की वाफे बदलतात. हुमायूनच्या कबरीभोवतीच्या चारबागेत १८६०च्या सुमारास चौकोनी हौद जाऊन विलायती पद्धतीचे गोल ताटवे आले. पुढे व्हाइसरॉय कर्झनच्या काळात जुनी आखणी परत आणली गेली. ताजमहालासमोरची दाट झाडी विरळ करून तिथे मोकळी हिरवळ आणली, तीही कर्झनच्याच काळात. आज तिथे दिसते ती बाग शहाजहानची नव्हे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो राजगोपालाचारींचा बदल. गव्हर्नर जनरल असताना, देशात धान्याची टंचाई होती म्हणून त्यांनी याच आवाराच्या एका भागात गहू पेरला. त्या जागेला आता दालीखाना म्हणतात. तिथे राष्ट्रपती भवनासाठी भाजीपाला पिकतो. उद्यान पाहायला येणाऱ्यांना गुलाबांच्या आधी ती जागा दाखवायला हवी.