महाविद्यालयाचे पहिले वर्ष आणि मनावरचा ताण



बारावीचा निकाल लागला, पेढे वाटले, की घरातली काळजी संपली असे वाटते. प्रत्यक्षात मुलांची खरी ओढाताण त्यानंतरच्या सहा महिन्यांत सुरू होते. शाळेत रोज हजेरी होते, वही तपासली जाते. महाविद्यालयात कोणी विचारत नाही, आणि परीक्षा एकदम समोर येऊन उभी राहते.

ताण सर्वस्वी वाईट नसतो. संकट दिसले की शरीरात अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, लक्ष एकवटते. परीक्षेच्या दिवशी एवढी धास्ती उपयोगीच पडते. मात्र हीच अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली, तर झोप उडते, पोट बिघडते, चिडचिड होते आणि वाचलेले लक्षात राहत नाही.

इंदूरच्या आपल्या मुलांना भाषेचा ताणही सोसावा लागतो. घरी मराठी, शाळेत व बाजारात हिंदी आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी पुस्तके. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे, म्हणून सांगतो, भाषा अडली म्हणजे बुद्धी कमी असे मुळीच नाही. प्रत्येक विषयाची एक शब्दवही करा. रोज दहा शब्द, समोर मराठीत किंवा हिंदीत अर्थ. दोन-तीन महिन्यांत पुस्तक ओळखीचे वाटू लागते.

आणखी काही साध्या गोष्टी पाळाव्यात :

१) त्या दिवशीचे टिपण त्याच रात्री एकदा वाचावे, नंतर आठवड्याने पुन्हा. शेवटच्या रात्रीचा डोंगर त्यामुळे लहान होतो.

२) तरुणांना सात ते नऊ तास झोप लागते. वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. जागरणासाठी रात्री चहा-कॉफी घेऊ नये, तिचा परिणाम कित्येक तास टिकतो.

३) रोज अर्धा तास चालणे, सायकल किंवा खेळ.

४) मोबाईलवर दिसणाऱ्या मित्रांच्या यशाशी स्वतःची तुलना करू नये. तिथे नापास झाल्याची बातमी कोणी टाकत नाही.

पालकांनी "मार्क किती?" याआधी "आज कसं वाटलं?" हे विचारावे. मूल जेवण टाळू लागले, एकटे राहू लागले, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागले, तर त्याला नाटक म्हणू नये. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते. तापासाठी डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही, तशी यातही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी निर्देश दिले आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यात आहे. विश्वस्त मंडळाने हा विषय येत्या बैठकीत अवश्य घ्यावा, ही विनंती. तसेच माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा शाळेत येऊन बारावीच्या मुलांशी मोकळेपणाने बोलावे. पुढच्या वाटेवरचे खड्डे त्यांनाच नेमके ठाऊक असतात.

मुलांनो, शाळा सुटली तरी शाळेचे दार बंद होत नाही. अडचण आली तर निःसंकोच या.

– मुख्याध्यापक