नॉलत्विगी : उभ्याने खेळायची फळी

कोरियात ‘सॉल्लाल’ म्हणजे चांद्र नववर्ष, पाचव्या चांद्र महिन्यातला ‘दानो’ आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा ‘छुसॉक’ या सणांना स्त्रिया परंपरेने जो खेळ खेळत आल्या, त्याला ‘नॉलत्विगी’ म्हणतात. ‘नॉल’ म्हणजे लांब जाड फळी आणि ‘त्विगी’ म्हणजे उड्या मारणे. बागेतल्या सी-सॉवर मुले बसतात, येथे मात्र दोघी जणी फळीच्या दोन टोकांवर उभ्या राहतात, आणि एकीने उसळून आपल्या टोकावर पाय आदळले की दुसरी हवेत फेकली जाते. टेकू म्हणून मध्याखाली पेंढ्याचा भारा किंवा गुंडाळलेली चटई ठेवतात. त्यावरून फळी हलू नये म्हणून पुष्कळदा तिसरी कोणी मधोमध बसून राहते. जिचा तोल जाऊन पाय फळीवरून सुटतो, ती हरते.

दोघींच्या वजनात फरक असला, तर हलकीच्या बाजूला फळीचा अधिक भाग सोडतात, म्हणजे तिच्या बाजूचा दांडा लांब होऊन तोल साधतो. या सोडलेल्या भागाला कोरियन खेळाडू ‘भात’ म्हणतात आणि तो सोडण्याला ‘भात देणे’. तरफेचा नियम इतक्या घरगुती शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल.

चोसॉन राजवटीत (1392 ते 1910) उच्चकुलीन स्त्रियांचे बाहेर जाणे फार मर्यादित होते, म्हणून भिंतीपलीकडचे जग क्षणभर दिसावे यासाठी त्या उड्या मारू लागल्या, अशी या खेळाची उत्पत्तिकथा सर्वत्र सांगितली जाते. कथा मोहक असली तरी ती दंतकथाच मानावी. कारण 18व्या शतकातील चिनी नोंदींत र्‍युक्यू बेटांवरील, म्हणजे आजच्या ओकिनावातील, स्त्रियांच्या अशाच फळीवरच्या खेळाचा उल्लेख येतो, आणि केवळ कोरियन घराच्या भिंतीतून त्याचा उगम सांगता येत नाही. कोरियातील वार्षिक चालीरीतींवर होंग सॉक-मो यांनी 1849 मध्ये लिहिलेल्या ‘दोंगुक सेसीगी’ या ग्रंथातही तो नववर्षाच्या खेळांत आहे. नववर्षाला फळीवर उड्या मारल्या की वर्षभर पायात काटा रुतत नाही, ही समजूत त्या भिंतीच्या कथेइतकी प्रसिद्ध नाही, पण खेळणारीच्या पायांशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

सर्कशीतील कसरतपटूंनी ही फळी उचलली असून, ‘कोरियन प्लँक’ या नावाच्या त्या प्रयोगात हवेत कोलांट्या मारून पुन्हा त्याच टोकावर उतरावे लागते.