आईचा औषधांचा डबा

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने औषधांचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. रोजच्या नऊ गोळ्या, आणि त्या लिहून देणारे डॉक्टर तीन. एकाने काय दिलंय ते दुसऱ्याला ठाऊक नाही.

रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन होतं. त्याने काहींचे घोटे सुजतात, तसे आईचेही सुजले. सूज दाखवायला ती दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. मग रात्रीतून तीनदा उठणं, झोपेचं खोबरं, त्यावर तिसऱ्यांकडून डायझेपाम. गेल्या महिन्यात पहाटे बाथरूममध्ये तिचा तोल गेला. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर पुन्हा औषध, या उतरंडीला 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हणतात.

मी प्रयोगशाळेत काम करते, रुग्ण तपासत नाही. पण डायझेपामचं गणित माहीत आहे. विशीतल्या शरीरात ते निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या घरात ९०च्या आसपास. ते चरबीत विरघळतं, आणि वयाबरोबर शरीरातला चरबीचा वाटा वाढतो. म्हणजे कालची गोळी पुरती उतरायच्या आत आजची पोटात. मूत्रपिंडाचं प्रकरण आणखी फसवं. त्याचं काम मंदावतं, पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंपासून आणि म्हातारपणी स्नायूच घटतात. त्यामुळे रिपोर्ट 'नॉर्मल' दिसू शकतो.

२०११च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे सुमारे १० कोटी लोक होते. २०५०पर्यंत ते तिपटीहून जास्त होतील, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचं भविष्य म्हटलं की आपल्याला यंत्रमानव आणि मनगटावरची घड्याळं दाखवतात. मला उणीव वाटते ती अख्खा डबा एकदा पालथा करून बघणाऱ्या माणसाची. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी मार्क बीअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ सालीच केली होती. डायझेपाम आजही तीत आहे. इथे इंग्लंडमध्ये जीपींच्या दवाखान्यांतले फार्मासिस्ट आता सगळ्या गोळ्या एकत्र मांडून रुग्णाशी बोलतात. आईसाठी ते आम्हालाच करावं लागलं.

नऊही गोळ्या, कशासाठी, कधीपासून, हे एका कागदावर लिहिलं. भावाने तो रक्तदाब बघणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवला. (परस्पर काही बंद करू नका, काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.) त्यांनी रक्तदाबाचं औषध बदललं, लघवीची गोळी काढली. डायझेपाम हळूहळू कमी करायचंय. त्याला मात्र आई तयार नाही. "तू ये इकडे, मग बघू," म्हणते.