सरासरीच्या वरचे महिने कसे रंगतात?

कंडिशनल फॉरमॅटिंग: अट पूर्ण करणारा सेल आपोआप रंगतो, आतला आकडा तोच राहतो.

• एक्सेल ९७ पासून उपलब्ध. तेव्हा कमाल ३ अटी. ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’ हा तयार नियम २००७ च्या आवृत्तीत आला.

• मार्ग: होम > कंडिशनल फॉरमॅटिंग > टॉप/बॉटम रूल्स. गूगल शीट्समध्ये कस्टम फॉर्म्युला लिहावा लागतो.

• मुंबईच्या सरासरी मासिक पावसाला नियम लावला, तर जून ते सप्टेंबर एवढेच महिने रंगतात.

• रिकामा सेल सरासरीत धरला जात नाही; शून्य धरले जाते.

• नेहमीची गफलत: ‘एकूण’ची ओळही निवडली जाते. बारा महिन्यांत ती मिसळली की सरासरी सुमारे १.८५ पट फुगते आणि रंगायला हवे ते महिने कोरे राहू शकतात.