पाहणारे टिकतात कशामुळे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. २०२० साली नातू यश पाठकने मोबाइल धरला, आजींनी कारल्याची भाजी करून दाखवली आणि ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल लाखो घरांत पोचले. आजी घरात बोलतात तशाच चॅनलवर बोलतात. माझ्या मते खरे भांडवल तेच. त्याच वर्षी चॅनल हॅक झाले, परत मिळाले आणि पाककृती पुढे चालू राहिल्या.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे लागते. शॉर्ट्सचा निकष वेगळा आहे. ४,००० तास म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ ४८,००० वेळा पूर्ण पाहिला जाणे. एखादा व्हिडिओ गाजला की सबस्क्रायबर वाढतात, पण तास भरायला माणसे परत परत यावी लागतात. विकत घेतलेले सबस्क्रायबर काहीच पाहत नाहीत.

माणसे परत यावीत असे विषय गावातच सापडतात. उदाहरणार्थ, विदर्भातल्या उमरखेड तालुक्यातल्या ढाणकी परिसरात कापूस, सोयाबीन, हळद पिकते. हळद शिजली की नाही हे हळकुंडात काडी टोचून पाहतात. काडी सहज आत गेली की झाले. शहरातल्या गिऱ्हाइकाने हे कुठे पाहिलेले असते? ते तिथल्या शेतकऱ्याने चॅनलवर आपल्या वऱ्हाडी बोलीतच सांगावे, आणि पावसाने वाळवण भिजले तर तेही दाखवावे. शेतीच्या हंगामात आठवड्याला एकच व्हिडिओ जमत असेल, तर एकच ठरवावा. वार मात्र चुकवू नये.