वर्णक्रम आणि पडद्यावरील विलंब

बदनापूर येथील कृषिसंशोधन केंद्र कडधान्यांच्या, विशेषतः तुरीच्या वाणांविषयी प्रसिद्ध आहे. तशा शेतनोंदींची १०,००० ओळींची सारणी मेजावरील संगणकात साठविली आहे, असे कल्पावे. ती अकारविल्हे लावण्याची आज्ञा देताच पडदा काही क्षण निश्चल होतो. दोष यंत्राच्या मंदपणाला दिला जातो. त्याचे मूळ मात्र पुष्कळदा लिपीच्या हाताळणीत असते.

युनिकोडमध्ये ‘क्ष’ हे स्वतंत्र चिन्ह नसून क, विराम व ष या तिहींचा संयोग होय. केवळ संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत म्हणूनच ‘क्षारपड’ हा शब्द ‘खरीप’च्या आधी येतो, मराठी वर्णमालेप्रमाणे तो अखेरीस हवा. त्यासाठी प्रत्येक शब्दाची क्रमदर्शक अंकमाला रचावी लागते. १०,००० ओळी लावताना सुमारे १,३०,००० तुलना घडतात. दर तुलनेस दोन्ही शब्दांची अंकमाला नव्याने रचल्यास ते काम २,६०,००० वेळा होते. नोंद साठवितानाच रचून ठेवल्यास अवघे १०,००० वेळा.

त्यातच ॲक्सेस, डेल्फाय यांसारख्या चौकटींत पडदा रंगविणे आणि कळीला प्रतिसाद देणे ही कामे सामान्यतः एकाच धाग्यावर चालतात. वर्गीकरणही तेथेच चालले, की सारेच खोळंबते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच दोन सेकंदांपलीकडील विलंब विचारशृंखला तोडतो, असे प्रतिपादिले होते. (त्या मानाने रंगविण्याचा भार किरकोळ, दृश्य तीस-चाळीस ओळीच रंगविल्या म्हणजे पुरे.)

विलंबाला कंटाळून मराठी वर्णक्रमच सोडून देणे हा उपाय नव्हे. अंकमालेचा एक जादा स्तंभ ठेवून त्यावर अनुक्रमणिका बांधली, की ‘क्षारपड’ आपल्या स्थानी विनाविलंब येतो.